मोरघाट समाचाराला येतो

मुरलीधर खटावकर गेल्यावर समाचाराला सगळ्यात आधी आला तो घड्याळाचा मनोरा. सकाळची वेळ होती. प्रमिलाबाई नुकत्याच अंघोळ करून स्वयंपाकघरात आल्या होत्या. बाहेरच्या दारातून एक लांब सावली पार चुलीच्या ओट्यापर्यंत आली, म्हणून त्या बघायला गेल्या. मनोरा चौकटीतून वाकून आत शिरत होता. वर काही लागू नये म्हणून त्याने घड्याळाची तबकडी काढून छातीशी धरली होती. आत येऊन तो भिंतीलगतच्या दिवाणावर बसला आणि बराच वेळ काही बोलला नाही. समाचाराला आलेली माणसं सुरुवातीला बोलत नाहीतच.

"फार वाईट झालं," तो शेवटी म्हणाला.

प्रमिलाबाई "हो" म्हणाल्या आणि त्याच्यासाठी पाणी आणायला आत गेल्या.

मुरलीधर खटावकर हे मोरघाटचे गाईड. तांबरा नदी मोरघाटला येऊन कोपरात दुमडलेल्या हातासारखी वळते आणि त्या वळणात हे शहर बसलं आहे. काळ्या दगडाचा घाट, पात्रातल्या उंच जोत्यावरची राणी द्वारकाबाईची छत्री, गोऱ्या साहेबाच्या काळातला लोखंडी पूल आणि पेठेतला घड्याळाचा मनोरा. हे बघायला लांबलांबून लोक येत, शाळांच्या सहली येत, नवी लग्न झालेली जोडपी येत. द्वारकाबाईने नवऱ्यामागे जहागीर कशी राखली, घाटाचा दगड कुठून आला, पुलाच्या खांबाला पहिल्यांदा तडा गेला तेव्हा काय झालं, हे मुरलीधर सांगत. आवाज कधी चढवत नसत. समोर मोठा घोळका असला तरी शेजारी बसलेल्या एकाच माणसाला सांगावं तसं सांगत, त्यामुळे मागचे लोक आपोआप पुढे सरकत. मोरघाटात जन्मलेल्यांनीसुद्धा आपलं गाव त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं. असंच एकदा सांगता सांगता ते घाटाच्या पायरीवर टेकले, ते उठलेच नाहीत.

प्रमिलाबाई त्यांच्या फेरीला कधी गेल्या नव्हत्या. आधी सासूबाईंचं आजारपण, मग निनादची शाळा, मग स्वतःचे गुडघे. शिवाय नवऱ्याच्या कामाच्या जागी जाऊन उभं राहणं त्यांना बरं वाटत नसे.

म्हणून मनोऱ्याने पाणी पिऊन झाल्यावर जे विचारलं, त्याचं उत्तर त्यांच्यापाशी नव्हतं.

"ते माझ्याबद्दल काय सांगायचे?"

"तुम्ही ऐकत असाल की रोज."

"ऐकायचो. आता काही आठवत नाही. मला कुणी बांधलं, कशासाठी बांधलं, काहीच नाही. त्यांच्याबरोबर गेलं सगळं."

त्यांनी खरं ते सांगितलं, की मी कधी फेरीला आले नाही, मला माहीत नाही. मनोऱ्याने मान हलवली. त्याच्या आत कुठेतरी एक दातेरी चाक अडखळलं.

समाचाराला आलेला माणूस निघताना "येतो" म्हणत नाही, गुपचूप चपला घालून जातो. त्याला तसं जाता यावं म्हणून प्रमिलाबाई मुद्दाम आत थांबल्या. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या तर मनोरा तिथेच होता.

त्यांचा मुलगा निनाद बंगळुरूला नोकरीला होता, तो दिवसकार्यासाठी आलेला होता. तो बाजारातून परत आला, दिवाणाकडे बघितलं आणि हातातली पिशवी खाली ठेवली.

"आई, हे किती वेळ थांबणार आहेत?"

"विचारायचं कसं?" प्रमिलाबाई म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी राणीची छत्री आली. बारीक चणीची, वयस्कर, सगळे खांब एकमेकांना चिकटवून ती देवघराच्या कोपऱ्यात बसली. दुसऱ्या दिवशी परसदाराने घाट आला. त्याला उभं राहता येत नव्हतं, म्हणून तो मागच्या दारापासून माजघरापर्यंत आडवा झाला. आता न्हाणीघर खाली आणि स्वयंपाकघर वर, मध्ये ओल्या पायऱ्याच पायऱ्या. प्रमिलाबाईंचे गुडघे बघून घाट ओशाळला आणि त्याने आपल्या पायऱ्या होतील तेवढ्या बसक्या करून घेतल्या. लोखंडी पूल अर्धाच मावला. उरलेला अर्धा मधल्या भिंतीतून शेजारच्या जुबेदा मणियारच्या घरात गेला. जुबेदाने तक्रार केली नाही. तिने त्याच्या कठड्यावर टॉवेल वाळत घातले. महादेवाचं देऊळ मात्र आलं नाही. देव सुतकात घरी येत नाहीत.

प्रत्येकाने पाणी घेतलं, फार वाईट झालं असं सांगितलं, आणि थोडा वेळ गेल्यावर खालच्या आवाजात तेच विचारलं. मग कुणीच गेलं नाही.

इकडे शहराची दशा झाली. पेठेत मनोऱ्याच्या जागी चौकोनी ओली माती राहिली होती आणि पारवे पूर्वीच्याच उंचीवर रिकाम्या हवेत बसायला बघत होते. घाटाच्या जागी चिखलाचा उतार. सहलीच्या बसेस येत, माणसं उतरत, इकडेतिकडे बघत आणि पुन्हा बसमध्ये जाऊन बसत. जुबेदाचं बांगड्यांचं दुकान घाटाच्या तोंडाशी होतं. ते तिने बंद ठेवलं होतं, पण त्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही. रोज सकाळी ती प्रमिलाबाईंसाठी भाकरी घेऊन यायची, पुलाखालून वाकून यायची, आणि सुतक असलेल्या घरात जेवढं बोलावं तेवढंच बोलून जायची.

नगरपालिकेचे शितोळे साहेब टेप घेऊन आले. सार्वजनिक मालमत्ता खासगी घरात ठेवता येत नाही, असं सांगायचं त्यांनी ठरवलं होतं. त्यांनी माजघरात टेप लावली. घर आतून दर वेळी आधीपेक्षा अरुंद भरत होतं. शेवटी ते घाटाच्या पायरीवर टेकले. आपण चौथीत असताना सहलीला आलो होतो, असं ते म्हणाले. मी मागे राहिलो होतो तर खटावकरांनी माझ्यासाठी सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, एकट्यासाठी. काय सांगितलं ते त्यांना आठवेना. त्यांनी रुमालाने डोळे पुसले आणि टेप तिथेच विसरून गेले.

तेरावं झालं. निनादने बॅग भरली आणि आईला म्हणाला, की आता माझ्याबरोबर चल, घराला कुलूप लावू.

"आत मंडळी बसलीत. कुलूप कसं लावायचं?"

"आई, ती मंडळी नाहीत."

"मग कोण आहेत?"

निनादने बॅगेची चेन ओढली. छत्री त्याच्याकडेच बघत होती. चार दिवसांत पुन्हा येतो असं सांगून तो एकटाच गेला.

त्या दुपारी प्रमिलाबाई मनोऱ्यासमोर मेथी निवडत बसल्या होत्या. घरात आता बसायला तेवढीच जागा होती. मनोरा काही मागत नव्हता, नुसता बसला होता, आणि त्याच्याकडे बघता बघता त्यांना आपल्या लग्नानंतरचं एक आठवलं. सांगावं असं काही ठरवलं नव्हतं. हात मेथीत होते आणि तोंड आपोआप सुरू झालं.

नवं लग्न झालं होतं तेव्हाची गोष्ट, त्या म्हणाल्या. ह्यांनी मला चार वाजता तुमच्याखाली यायला सांगितलं होतं, नाटकाला जायचं होतं. मी नवी, मला घरातून निघायला उशीर झाला. धावत आले, वर बघितलं, तर चारला पाच मिनिटं कमी. म्हटलं, वेळेत आलो. मग बघते तर काटा हलेचना. वर झरोक्यातून हे डोकावत होते. मला ओशाळं वाटू नये म्हणून चावीवाल्याला तंबाखूची पुडी देऊन स्वतः वर चढले होते आणि मिनिटकाटा हातांनी धरून उभे होते. कचेरी त्या दिवशी उशिरा सुटली, दुपारची गाडी थांबून राहिली, सगळी पेठ ताटकळली. आणि नाटक बुडालंच. मग आम्ही भजी खाल्ली.

बोलून झाल्यावर त्या स्वतःशीच हसल्या. मनोरा उठला. त्याने तबकडी छातीशी धरली, चौकटीतून वाकला आणि काही न बोलता गेला. थोड्या वेळाने पेठेतून ठोके ऐकू आले.

दोन दिवसांनी जुबेदा भाकरी घेऊन आली ती जरा हसऱ्या चेहऱ्याने. मनोऱ्याजवळ पुन्हा सहली थांबायला लागल्या होत्या. टपरीवाला येणाऱ्याजाणाऱ्याला एक गोष्ट सांगत होता, आजोबापणजोबांपासून ऐकत आल्यासारखी: मोरघाटच्या एका माणसाने बायकोला उशीर झाला म्हणून मनोऱ्याचा काटा हातांनी धरून ठेवला होता.

"काय गोड गोष्ट आहे," प्रमिलाबाई म्हणाल्या. "कोण होता गं तो?"

जुबेदाचा हात भाकरीवरच राहिला.

"वहिनी, माझ्या हळदीच्या दिवशी तुम्हीच सांगितली होती मला. भाऊंची आहे ती."

प्रमिलाबाईंनी आठवून बघितलं. पडलेल्या दाताची जागा जीभ शोधते तसं शोधलं. मनोरा होता, पेठ होती, भजी कुठेतरी खाल्ली होती. वर झरोक्यात कुणी नव्हतं.

जुबेदा त्यांच्याजवळ बसली आणि त्यांचा हात हातात घेऊन म्हणाली, आता कुणाला काही सांगू नका. दुकानाचं काय, बांगड्या कुठेही विकता येतील, हातगाडीवर विकेन. गावाचं गाव बघेल. प्रमिलाबाईंनी मान हलवली.

त्यांनी युक्ती करून बघितली. निनादच्या जुन्या पाठ्यपुस्तकातला एक धडा त्यांना पाठ होता, शूर राणीचा. तो त्यांनी छत्रीला सांगितला. छत्रीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"हे तुमचं नाही," ती म्हणाली. रागावून नव्हे, वाढलेलं ताट परत करावं तसं.

मग त्या काही दिवस गप्प राहिल्या. घर आणखी आवळत गेलं. रात्री कूस बदलली की पुलाची गार तुळई पाठीला लागे. पलीकडच्या तीरावरची माणसं पलीकडेच अडकली होती. शाळेची मुलं, दूधवाले, दवाखान्यात यायचे ते रोगी. एका अडलेल्या बाईला होडीतून आणताना होडी भोवऱ्यात सापडली. बाई वाचली, पण नदीच्या मधोमध बाळंत झाली. जुबेदाने ही बातमी सांगितली नाही. पुलाने सांगितली, तीही तोंड भिंतीकडे करून.

प्रमिलाबाई त्याच्यापाशी बसल्या. या वेळी त्यांना माहीत होतं.

महापुराचं वर्ष होतं, त्या म्हणाल्या. तुमच्यावरून पाणी जात होतं, म्हणून तुम्हाला बंद केलं होतं. हे पलीकडे अडकले. निनाद तेव्हा माझ्या कडेवर होता. ऊन पडलं की मी गच्चीवर स्टीलचं ताट घेऊन जायचे आणि पलीकडे कवडसा पाडायचे. पलीकडून हे दाढीच्या आरशाने कवडसा पाठवायचे. माझ्या अंगावर, पोराच्या अंगावर, भिंतीवर. असं रोज चालायचं, पाणी उतरेपर्यंत. घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, काय सांगत होतीस? मी म्हटलं, आमटीत मीठ जास्त पडलंय, असं. तर म्हणाले, मला वाटलंच.

सांगताना मध्येच त्या एकदा थांबल्या. दोन वाक्यं उरली होती, ती त्यांनी मनातल्या मनात एकदा म्हटली आणि मग मोठ्याने म्हटली. पूल दोन्ही घरांतून एकदमच निघाला. जुबेदाचे टॉवेल जमिनीवर पडले.

छत्रीला त्यांनी मंदीच्या उन्हाळ्याचं सांगितलं. त्या उन्हाळ्यात एकही सहल आली नव्हती. मुरलीधर ते घरी न सांगता रोज पिशवी घेऊन बाहेर पडत आणि दिवसभर छत्रीच्या सावलीत बसून राहत. प्रमिलाबाईंना कळलं तेव्हा त्यांनी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी डबा दोघांचा भरला आणि कोरड्या पात्रातून चालत छत्रीपाशी जाऊन बसल्या. दोघं जेवली. कुणी काही बोललं नाही. पावसाळ्यापर्यंत रोज. आता मोरघाटात सांगतात, की द्वारकाबाई आणि तिचा नवरा सरदार उन्हाळाभर तिथे न बोलता बसत, म्हणून आत शिरल्यावर आवाज आपोआप खाली येतो. जोडपी आत जाऊन गप्प बसतात आणि बाहेर आल्यावर एकमेकांचा हात धरतात.

घाट शेवटी उरला. तो म्हणाला, मला घाई नाही. पण त्याच्या पायऱ्या वाळत चालल्या होत्या आणि वाळलेला दगड रात्रभर तडकत असे. प्रमिलाबाईंचं माहेर जत तालुक्यातलं. त्यांच्या लहानपणी नदी म्हणजे वाळू. लग्न होऊन मोरघाटला आल्या तेव्हा एवढं पाणी बघून त्यांना धडकी भरली. मुरलीधरांनी पहाटे कुणी नसताना त्यांना घाटावर नेलं आणि शेवटच्या पायरीवर बसवलं. पहिल्या दिवशी पायाचं एक बोट पाण्यात. दुसऱ्या दिवशी दोन. नवीन सून रोज पहाटे कुठे जाते म्हणून सासूबाई विचारत, तर मुरलीधर म्हणत, बोटं मोजायला. दोन्ही पाय पाण्यात गेले त्या दिवशी प्रमिलाबाईंनी घरी जाऊन शिरा केला होता.

हे ऐकून घाट परसदाराने खाली उतरून गेला. घर पुन्हा मोकळं, सपाट झालं. आणि त्या दिवसापासून प्रमिलाबाईंना बादलीतल्या पाण्यात हात घालवेना. भीती गेली कशी होती, तेच आता त्यांच्यापाशी नव्हतं.

निनाद आला तेव्हा जुबेदाने त्याला नदीवरच्या पुलापाशी गाठून सगळं सांगितलं. तो चिडला, शितोळ्यांना फोन करून नाही नाही ते बोलला. मग आईसमोर खुर्ची ओढून बसला आणि त्याला वडिलांचं जे जे माहीत होतं ते त्याने सांगितलं. ताटाच्या कवडशाचं त्याने वडिलांकडून ऐकलं होतं, तेही सांगितलं. प्रमिलाबाई मन लावून ऐकत होत्या. मधूनमधून हसल्या.

"चांगले होते," त्या म्हणाल्या.

"आई, तुझे होते."

"हो ना. ते माहीत आहे."

भिंतीवर हार घातलेला फोटो होता. हे आपले यजमान, हे त्यांना माहीत होतं. आपल्या घराचा पत्ता माहीत असतो तसं.

मोरघाट पुन्हा भरून आलं. जुबेदाचं दुकान उघडलं. सहलींची रीघ लागली. नवे गाईड गोष्टी सांगू लागले आणि लोक म्हणू लागले, की मोरघाटसारखं गाव नाही, इथल्या दगडालासुद्धा माया आहे. निनादने आईला चार दिवस विचार करायला दिले आणि तिची एक पेटी भरून ठेवली.

नदी सगळ्यात शेवटी आली.

दुपारी पात्र रिकामं झालं. होड्या तळाला टेकून कलंडल्या, घाट खालपर्यंत उघडा पडला, नळ खरखरले आणि बंद झाले. तांबरा पेठेतून वर चढली. घाई करत नव्हती. वाटेत खेळणारी मुलं बाजूला होईपर्यंत थांबत होती, ओट्यावरच्या चपला ओल्या होऊ नयेत म्हणून अंग चोरत होती. खटावकरांच्या गल्लीत आल्यावर ती लहान झाली आणि उंबऱ्याच्या बाहेर थांबली. ओल्या पायांनी आत येऊ का, असं विचारणाऱ्या बाईसारखी.

तिच्यामागे लोक होते. हातात रिकामे हंडे, बादल्या. शितोळे साहेब होते. जुबेदा पुढे होती आणि ती मान हलवून नको म्हणत होती. निनाद आईच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता.

"फार वाईट झालं," नदी म्हणाली.

"हो," प्रमिलाबाई म्हणाल्या. समोर एवढं पाणी होतं. त्यांनी चौकट धरली.

"ते माझ्याबद्दल काय सांगायचे?"

प्रमिलाबाई म्हणाल्या, की आता माझ्यापाशी काही उरलं नाही, आत येऊन बघा हवं तर. नदी आत आली नाही. तिला माहीत होतं. दोघींनाही माहीत होतं.

निनादच्या आधी एक मुलगी झाली होती. पंधरवडाभर होती. नाव ठेवायचं राहून गेलं. एवढ्या लहानांना अग्नी देत नाहीत. मुरलीधरांनी तिला प्रमिलाबाईंच्या लग्नातल्या शालूच्या पदरात गुंडाळलं आणि एकटेच नदीवर घेऊन गेले. ओल्या धोतराने परत आले. तिला कुठल्या जागी सोडलं, ते मुरलीधरांनी सांगितलं नाही आणि प्रमिलाबाईंनी विचारलं नाही. पुढे सगळं आयुष्य दोघांनी तिचं नाव काढलं नाही, काढायला नावच नव्हतं. सासूबाई गेल्या, सुईण गेली, आता हेही गेले. निनादला माहीत नव्हतं. जुबेदाला माहीत नव्हतं. या जगात ती मुलगी फक्त प्रमिलाबाईंच्या आत होती.

आणि त्यांच्या आत आता तेवढंच होतं. काटा धरणारा माणूस नव्हता, कवडसा नव्हता, पाण्यातलं बोट नव्हतं. या एका जागी मात्र मुरलीधर अजून होते. दिव्याच्या उजेडात मुलीवर वाकलेले, तरुण, दाढी वाढलेली.

हे सांगितलं तर नवे गाईड होडीतल्या लोकांना उद्यापासून सांगतील. कुणा राणीची म्हणून सांगतील. नव्या जोडप्यांना, शाळेच्या मुलांना. पुष्कळ माणसं ऐकतील. कुणीतरी तिला नाव देईल. आणि आपण गच्चीवरून ऐकू आणि म्हणू, काय गं ही गोष्ट, कोण होती ती?

नाही सांगितलं तर गल्लीत हंडे घेऊन माणसं उभी होती. एका बाईच्या हातावर तान्हं पोर होतं, ते नदीत बाळंत झालेल्या बाईचं असावं. ते रडत होतं, आणि नदी पुढ्यात असून कुणी तिच्यात हंडा बुडवत नव्हतं. समाचाराला आलेल्याला कुणी हात लावत नाही.

"आई, राहू दे," निनाद म्हणाला. "काय असेल ते असू दे. आपण जाऊ या."

प्रमिलाबाईंनी त्याचा हात खांद्यावरून काढला आणि क्षणभर तसाच धरून ठेवला. मग चौकट सोडली. गुडघे धरत धरत त्या खाली वाकल्या आणि उंबऱ्यावर बसल्या. पाणी त्यांच्या पायांपासून बोटभर लांब होतं. त्यांनी लुगड्याचा ओचा सारखा केला. हातावरचं पोर रडायचं थांबलं.

"तिला एकदा शिंक आली होती," प्रमिलाबाई म्हणाल्या. "हे इतके हसले."

पुढे त्या थांबल्या. तोंड उघडंच होतं. नदी उंबरा चढून आली, त्यांच्या पावलांवरून, पोटऱ्यांवरून, आणि मांडीवर येऊन थांबली. ती कोमट होती. वजन फार नव्हतं. तिने अजून मान धरलेली नव्हती, म्हणून प्रमिलाबाईंनी डावा तळहात पुढे केला आणि हळूच तिच्या मानेखाली सरकवला.